पाळणाघरावर नागपूरची नजर

पुरुषोत्तम टेंबे हा माणूस नावाला अजिबात न शोभेल इतका घाबरट होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुरिअरवाल्याने "सर, एक सही" म्हटलं की आपल्या हातून काय घडलंय ते तो आधी आठवून बघायचा. बँकेतून फोन आला तर उभा राहून बोलायचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जराशी थरथरली की शेजारच्या अनोळखी माणसाकडे अशा नजरेने बघायचा, की तो बिचारा उतरून जिन्याने जायचा. एवढं असूनही बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत त्याची नोकरी उत्तम चालली होती, कारण सॉफ्टवेअरच्या धंद्यात घाबरट माणसाला काळजीपूर्वक काम करणारा म्हणतात आणि वर्षाच्या शेवटी बढती देतात.

पण हे सगळं भिणं म्हणजे नुसती तालीम होती. खरा प्रयोग सुरू झाला तो सुखदाला पाळणाघरात घातलं त्या दिवशी.

सुखदा तीन वर्षांची. घर बनशंकरीत, बाबांचं ऑफिस बेळ्ळंदूरला आणि आई, म्हणजे प्रणिता, होसकोटेच्या एका कारखान्यात. बंगळुरूचा नकाशा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की हे कुटुंब नव्हतं, हा त्रिकोण होता. प्रणिताची नोकरी नवीन होती. सुखदा झाल्यापासून ती घरी होती, आणि या नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसली होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल आणि चेहरा असा, की पुरुषोत्तमने लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. त्यामुळे पाळणाघर मिळणं भाग होतं.

पाळणाघरं भरपूर पाहिली. एका ठिकाणी मुलांना टीव्ही सांभाळत होता. दुसऱ्या ठिकाणी सगळीच मुलं भरदुपारी इतकी गाढ झोपली होती की पुरुषोत्तमला खोकल्याच्या औषधाचा संशय आला. शेवटी घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर रम्या मॅडमचं पाळणाघर सापडलं. स्वच्छ, हसरं आणि भरलेलं. एक मूल म्हैसूरला गेलं म्हणून सुखदाला जागा मिळाली. ही जागा गेली तर दुसरी नाही, आणि दुसरी नाही म्हणजे प्रणिताची नोकरी नाही, इतका तो साधा हिशोब होता.

रम्या मॅडमनी फोनवर घालायला एक अॅप दिलं. मुलांच्या खोलीत कॅमेरा होता, आणि आईबापांनी कुठूनही आपलं मूल बघावं अशी सोय होती. अट एकच. पासवर्ड आईबापांपुरता. कोणालाही दिल्याचं कळलं, तर प्रवेश रद्द. "इथे सही करा," मॅडम म्हणाल्या. पुरुषोत्तमने तीन ठिकाणी सही केली, त्यातली दोन ठिकाणं मागितलेलीच नव्हती.

प्रणिताच्या कारखान्यात फोन फाटकावरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागे, तो थेट सुट्टीच्या वेळी हातात येई. म्हणून बघण्याचं खातं आपोआप पुरुषोत्तमकडे आलं.

आता, त्या कॅमेऱ्यात चित्र होतं, आवाज नव्हता. आवाज असता तर मूल रडतंय म्हणजे रडतंय, असं एकदाचं घाबरून तरी घेता आलं असतं. इथे सुखदाचं तोंड उघडलेलं दिसायचं. ती गात असेल, जांभई देत असेल किंवा रडत असेल. पुरुषोत्तम प्रत्येक वेळी तिसराच पर्याय निवडायचा. एकदा ती भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने फोनवरून नजर हलवली नाही. (ती भिंतीला चिकटवलेला हत्ती खरवडून काढत होती. हे नंतर कळलं. बिल आलं.)

"पुरू," त्याचा टीम लीड जितेंद्र एकदा मीटिंगनंतर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "क्लायंट बोलत असताना तू टेबलाखाली बघून 'अगं ऊठ, ऊठ' म्हणत होतास. परवा मोठं प्रेझेंटेशन आहे. तेव्हा फोन माझ्याकडे द्यायचा."

एक तासभर सुखदाकडे कोणीच बघणार नाही, ही कल्पनाच पुरुषोत्तमला सोसवेना. आणि मग त्याने ती गोष्ट केली, जी आपल्यातला कोणताही माणूस अशा वेळी करतो. त्याने आईला फोन केला.

"फक्त एक तास बघ, आई. आणि कोणाला सांगू नकोस. प्रणितालासुद्धा."

प्रमोदिनी टेंबे नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. उभं आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात गेलं होतं आणि निवृत्तीनंतर हेडफोनविना त्यांचे कान ओकेबोके वाटत होते. अशा बाईच्या हातात मुलाने चालू लाइन दिली. एका तासाने त्या काय ती सोडणार होत्या?

"बघून राहिली मी," संध्याकाळी त्या म्हणाल्या. "पण एकटीनं नाही होत रे बाळा. दुपारी माझा डोळा लागतो. तू काळजी नको करू, मी ड्यूट्या लावून टाकल्या."

ड्यूट्या लागल्या होत्या त्या अशा. सकाळची पाळी स्वतः आई. दुपारच्या जेवणाची पाळी पुण्याची विजूआत्या. झोपेची पाळी चंद्रपूरची कुंदामावशी, कारण तिला स्वतःला झोपच येत नाही. पासवर्ड तिघींकडे. किती जणांनी एकदम बघावं याला त्या अॅपची काही मनाई नव्हती. 'सुखदा ड्यूटी' नावाचा ग्रुपही निघाला होता आणि त्यावर दिवसभर बातम्या येऊ लागल्या.

"पोळीचे तुकडे फार मोठे करतात."

"झोपली. कूस बदलली. परत बदलली."

"तो चष्मेवाला सारखा हिच्याकडे बघतो. मला त्याची लक्षणं ठीक नाही वाटत." चष्मेवाला साडेतीन वर्षांचा होता.

सुरुवातीचे काही दिवस पुरुषोत्तमला फार बरं वाटलं. भीती वाटून दिली की हलकी होते, असा त्याचा समज झाला. तो साफ खोटा होता. आधी फक्त त्याच्या एकट्याच्या डोक्यातल्या भीत्या होत्या. आता तीन अनुभवी बायकांच्या भीत्या त्यात येऊन मिळाल्या. विजूआत्याच्या शेजारच्या मुलाने कधीकाळी कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिला जगात फक्त बटणं दिसायची. कुंदामावशीला उशी दिसली की उशीत नाक दबलेलं दिसायचं. पुरुषोत्तमला याआधी उशीचं भय ठाऊकच नव्हतं.

एका दुपारी कुंदामावशीचा फोन आला. आवाज पार बसलेला. "पुरू, सुखदा दिसत नाही! सगळी मुलं आहेत, आपली नाही!"

पुरुषोत्तमने लॅपटॉप उघडा टाकला, "घरी इमर्जन्सी" एवढंच ओरडला आणि समोर दिसलेल्या रिक्षात उडी घेतली. सिल्क बोर्डच्या चौकातल्या कोंडीत रिक्षा जी थांबली ती थांबलीच. "अण्णा, लवकर! माझी मुलगी..." त्याच्याने पुढे बोलवेना. "स्वल्प वेट माडी सार," रिक्षावाला म्हणाला आणि इंजिनच बंद करून टाकलं. पुरुषोत्तमच्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते मी सांगत नाही. देवांची नावं संपली तेव्हा त्याने शाळेतल्या मुख्याध्यापकांचीही नावं घेतली.

पाळणाघराच्या दारात तो घामाने निथळत पोचला, तेव्हा सुखदा शौचालयातून केव्हाच परत येऊन झोपली होती.

"यस्?" रम्या मॅडमनी विचारलं.

"पाणी प्यायला आलो होतो," पुरुषोत्तम म्हणाला. बेळ्ळंदूरहून.

त्या दिवशी आईने निष्कर्ष काढला. "तुला तिथून पोचायला अर्धा दिवस लागून राहिला. इथून फोन क्षणात लागतो. यापुढे काही दिसलं तर मीच करत जाईन." पुरुषोत्तम नको म्हणाला. अगदी ठामपणे म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने ठामपणे. प्रमोदिनीबाईंना तो होकार वाटला.

पाळणाघरात मुलांसमोर मोबाइल काढायचा नाही असा नियम होता, म्हणून भिंतीवर एक जुना फोन टांगलेला होता, कोण बोलतंय ते न दाखवणारा. तो आता दिवसातून अनेकदा वाजू लागला. पलीकडून एका करारी बाईचा आवाज हिंदीत सांगायचा, "दरवाज्याजवळच्या मुलीचं नाक पुसा." "लाल चड्डीवाल्याला खाली उतरवा." आपण कोण ते कळू नये म्हणून आईने हुशारी केली होती. सुखदाचं नाव कधी घ्यायचंच नाही. त्या इतर सगळ्या मुलांबद्दल सूचना द्यायच्या आणि त्यात मध्येच हळूच सुखदाची एक घुसडायच्या. आपल्या या चतुराईवर त्या इतक्या खूष होत्या की पुरुषोत्तमला त्यांनी ती सांगितलीही नाही.

त्याला कळलं ते रम्या मॅडमच्या मेसेजवरून, आणि तो मेसेज सगळ्या पालकांना होता. कोणीतरी अनोळखी व्यक्ती आपल्या मुलांवर पाळत ठेवून आहे. तिला प्रत्येक मुलाचे कपडे, सवयी, जागा माहीत आहेत. कोणाकडून तरी पासवर्ड फुटला आहे. दोषी पालकाचं मूल त्याच दिवशी काढलं जाईल, आणि गरज पडली तर पोलिसांत जाऊ.

पुरुषोत्तम तेव्हा घराच्या जिन्यात होता. तो तिथेच पायरीवर बसला. पोलीस! प्रणिताची नोकरी! आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, प्रणिता! त्याने आईला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. नाही करत फोन." बघणं सोडते असं त्या म्हणाल्या नव्हत्या, हे त्या गडबडीत त्याच्या लक्षात आलं नाही. पासवर्ड बदलावा म्हटलं, तर त्यासाठी मॅडमकडे लेखी अर्ज, आणि अर्जात कारण. शिवाय अॅपवाल्यांनी बजावलं होतं, चौकशी होईपर्यंत कोणी काही बदलायचं नाही.

"काय ओ टेंबे, पायरीवर का?" खालच्या मजल्यावरचे घरमालक नागनाथअण्णा भाजीची पिशवी घेऊन आले. अण्णांचं घराणं चार पिढ्यांपासून इथलंच. मराठी घरातली, पण तिला कानडीची फोडणी. अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि कचेरी त्यांच्यातून कधीच न निघालेली.

पुरुषोत्तमने 'माझ्या एका मित्राची' म्हणून सगळी हकीकत सांगितली.

"सुम्मने, उगाच भिताय तुम्ही," अण्णा म्हणाले. तो मित्र कोण, हे त्यांनी दोन वाक्यांतच ओळखलं होतं. "आमच्या ऑफिसात फाइल हरवली की आम्ही काय करत होतो? जो पहिला ओरडतो त्याच्यावर कोणी डौट घेत नाही. तुम्ही सगळ्यांच्या आधी ओरडा. जोरात ओरडा. कळलं की नाही? सरी मग." आणि ते भाजी घेऊन आत गेले.

सल्ला हा असा असतो. ज्याला गरज असते तो घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला सगळेच सल्ले बरोबर वाटतात. पुरुषोत्तमने तिथल्या तिथे, पायरीवर बसूनच पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, की ही अत्यंत घृणास्पद गोष्ट आहे, दोषीला अजिबात दयामाया दाखवू नये, पाताळातून शोधून काढावं. खाली मुठीची चित्रं टाकली. लगेच चाळीसेक अंगठे आले. आणि त्यांच्या पाठोपाठ गुरुप्रसाद नावाच्या पालकाचा निरोप आला. "वेल सेड सर! तुम्ही आयटीतले आहात. चौकशी समिती नेमू या. अध्यक्ष तुम्ही."

अशा रीतीने पुरुषोत्तम टेंबेवर पुरुषोत्तम टेंबेला शोधून काढण्याची जबाबदारी येऊन पडली.

प्रणिता त्या रात्री जेवताना म्हणाली, "बरं झालं तू आहेस समितीत. कोण असेल रे असा नालायक?" पुरुषोत्तमने तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याने आमटी वाढून घेतली.

समितीचं काम लांबवायला त्याने जीव तोडून प्रयत्न केले. आधी समितीची उद्दिष्टं ठरवू या म्हणाला. मग प्रत्येक पालकाची लेखी संमती लागेल म्हणाला, तीही आधार कार्डासकट. पण गुरुप्रसाद बँकेत ऑडिटला होता. तो असली कामं चहा पिता पिता करायचा. त्याने सगळ्यांच्या संमत्या जमवल्या, अॅपवाल्यांच्या मागे लागला, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाळणाघरातच सगळ्या पालकांची सभा ठेवली.

सभा मुलांच्या नेहमीच्या खोलीत भरली, बसायला मुलांच्याच खुर्च्या होत्या. मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली. प्रणिता कारखान्याच्या बसमधून उतरून तशीच आली आणि मागे टेकली. मुलं आतल्या खोलीत होती. पुरुषोत्तम अध्यक्ष म्हणून समोर उभा. त्याच्या पाठीमागे फळ्यावर एक जिराफ होता आणि तोही त्याच्याकडे संशयाने बघतोय असं त्याला वाटत होतं.

"राज्याबाहेरून आपला कॅमेरा बघितला गेलाय," गुरुप्रसाद म्हणाला. "नागपूर, पुणे, चंद्रपूर. कोणाच्या खात्यातून, ते पोलिसांनी मागितल्याशिवाय अॅपवाले देणार नाहीत. टेंबे सर, हा तुमच्याकडचा भाग. तुमचा अंदाज काय? कसली टोळी असेल?"

"मोठी असेल," पुरुषोत्तम म्हणाला. हे मात्र खरं होतं.

"इथे मराठी बोलणारं अजून कोण आहे?" एका आईने विचारलं. आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात तानूबाई उभ्या होत्या. निपाणीकडच्या. मुलांना भरवायचं, पुसायचं, झोपवायचं काम त्यांचं. सुखदा त्यांना तानूआजी म्हणायची.

"मी?" तानूबाई म्हणाल्या. "मी कशाला करू ओ असलं काम? लेकरं माझ्या मांडीवर झोपत्यात की. मला लपून बघायची काय गरज?"

"पण फोनवर तुम्ही मराठीत बोलता, आम्ही ऐकलंय," ती आई म्हणाली. "नातेवाइकांना पासवर्ड दिला असेल."

"चौकशी होईपर्यंत तानूबाईंनी घरी राहावं, हे बरं," कोणीतरी म्हणालं, आणि दोघातिघांनी मान हलवली. तानूबाईंचा चेहरा उतरला. त्या मॅडमकडे बघत राहिल्या.

पुरुषोत्तमने मनातल्या मनात हिशोब केला. आता बोललं नाही तर ही बाई घरी बसेल. बोललं तर सुखदा घरी बसेल, आणि तिच्यामागे प्रणिता. मागच्या खुर्चीवर प्रणिता कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यातच घालून बसली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर भीतीही मागे सरली. "थांबा," तो म्हणाला. "ते... तानूबाई नाही. ते..." आणि पुढचा शब्द येईना. तोंड उघडं, हात पुढे, आवाज नाही. अगदी कॅमेऱ्यात दिसावं तसं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

सगळे दचकले. तानूबाई सवयीने गेल्या आणि त्यांनी तो उचलला. "हॅलो. हां. कोण? मराठीत बोला की बाई, मला हिंदी येत न्हाई नीट." मग त्या ऐकत राहिल्या. "कुणाला? उभ्या आहेत त्यांना?" त्यांनी वळून पुरुषोत्तमकडे पाहिलं. "साहेब, त्या म्हणत्यात तुम्हाला खुर्ची द्या म्हणून. मोठ्या माणसांची. लहानपणापासून तुमच्या कंबरेत भरतंय म्हणे." परत कान फोनला. "आणि कुणी अंगावर येऊन बोलू नका म्हणत्यात, तुम्ही घाबरता म्हणे." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि सगळ्यांना कळावं म्हणून कानडीतही सांगितलं, "इवर तायी अंते." मग मराठीत, "ह्यांची आई हाय म्हणे. नागपूरवरनं बोलतीया."

आतल्या खोलीत एक मूल शिंकलं, तेवढंच ऐकू आलं. सगळ्यांनी आधी पुरुषोत्तमकडे पाहिलं, मग वर कॅमेऱ्याकडे. काही वेळाने कोणीतरी त्याला खुर्ची दिली. मोठी. तिच्यावर बसण्याइतकी वाईट शिक्षा त्याला आजवर झाली नव्हती.

"मी दिला पासवर्ड," तो म्हणाला. "आईला. आईने आत्याला, आत्याने... नाही, मावशीलाही आईनेच. मला भीती वाटत होती." आणि मग तो रडला. समितीच्या अध्यक्षाने असं करू नये, पण केलं.

गुरुप्रसाद उठून उभा राहिला. बोलणार एवढ्यात मागून प्रणिता उठली.

"मला आज, इथे कळलं हे," ती म्हणाली. "तानूबाई, माफ करा. सगळ्यांची माफी मागते. पण एक सांगते. माझा फोन दिवसभर लॉकरमध्ये असतो. मी माझ्या मुलीला त्या कॅमेऱ्यात एकदाही बघितलेलं नाही. नागपूरला माहीत आहे ती आज काय जेवली, चंद्रपूरला माहीत आहे ती कुठल्या कुशीवर झोपली. मला माहीत नाही. मी रोज संध्याकाळी याला विचारते आणि हा म्हणतो, ठीक होती. मॅडम, तुम्ही आज तिला काढलंत तर सोमवारपासून याला काही होणार नाही. हा बेळ्ळंदूरला जाईल. घरी मी बसेन." आणि ती खाली बसली. त्या चिमुकल्या खुर्चीत.

पुरुषोत्तम लिफ्टमध्ये, बँकेत, सिल्क बोर्डच्या चौकात आजवर जेवढा घाबरला होता, ते सगळं मिळूनही आत्ताच्या तिच्या खाली वळलेल्या चेहऱ्याएवढं नव्हतं.

रम्या मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराला पुसला. मग सगळ्यांना विचारलं, "खरं सांगा. अजून कोणी दिलाय?"

मग तानूबाईंवर बोट दाखवलेल्या त्याच आईने जमिनीकडे बघत हात वर केला. "माझ्या सासूबाई. दावणगेरे. पण त्या फोन नाही करत." आणखी एक हात आला. मग गुरुप्रसादचा, कानाजवळ खाजवल्यासारखा. "मदर," तो म्हणाला. "तुमकूर. राज्यातलंच आहे, पण."

"सरी," मॅडम म्हणाल्या. "आजपासून कॅमेरा माझ्या खोलीत फक्त मी बघेन. अॅप बंद. सगळ्यांचं. मूल कोणाचंच काढणार नाही. ज्याला मुलाचं काय चाललंय ते हवंय त्याने दारात येऊन तानूबाईंना विचारायचं. आणि आधी त्यांची माफी मागायची, सगळ्यांनी."

माफ्या झाल्या. "र्‍हाऊ द्या ओ," तानूबाई म्हणाल्या. पण पुरुषोत्तमला मात्र त्यांनी नीट मागू दिली, मध्ये थांबवलं नाही. फोन अजून चालूच होता. "हॅलो, बाई? बसले हो ते खुर्चीवर. ठेवते."

शनिवार-रविवार प्रणिता त्याच्याशी कामापुरतं बोलली. मीठ दे, टॉवेल दे. पुरुषोत्तमला वाटत होतं, तिने ओरडावं. ओरडण्याची त्याला सवय होती.

सोमवारी पाळणाघराच्या दारातून सुखदा मागे न बघता आत गेली आणि दार लागलं. ऑफिसात पुरुषोत्तमने फोन काढला, तर अॅपच्या जागी नुसता काळा चौकोन. तो त्या चौकोनाकडेच बघत राहिला. आत काहीही चाललेलं असू शकत होतं. बटणं, उश्या, सगळं.

दुपारी आईचा फोन. "काय करून राहिली असेल रे ती?"

"माहीत नाही, आई."

"म्हणजे? कोणालाच माहीत नाही?"

"तिचं तिला माहीत आहे," पुरुषोत्तम म्हणाला. हे तोंडातून निघालं आणि त्यालाच ते फार भयंकर वाटलं. मग "जेवलास का" विचारून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी तो लवकर निघाला. प्रणिताची बस नुकतीच कोपऱ्यावर थांबली होती. दोघं न बोलता बरोबर चालत पाळणाघरापाशी आली. सुखदा बाहेर आली, एक बोट आईला दिलं, एक बाबाला, आणि तिघं रस्त्याला लागली.

"आज काय काय केलं माझ्या बाळाने?" प्रणिताने विचारलं.

सुखदाने सांगायला घेतलं. मणी ओवले. भात सांडला. चष्मेवाल्या समर्थला ढकललं, मग त्याने ढकललं. "आणि मी रडले," ती म्हणाली.

पुरुषोत्तम लगेच वाकला. "कधी? कोणी मारलं? पडलीस?"

"पुरू, सांगू दे तिला," प्रणिता म्हणाली. सभेनंतर तिने पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं होतं.

"आईची आठवण आली म्हणून रडले," सुखदा म्हणाली. प्रणिता चालता चालता थांबली. "तानूआजी उचलून घेत होती. मी नको म्हटलं. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. तिथून गाय दिसते. मग रडू संपलं."

"खिडकीत?"

"मी रोज जाते."

त्या खोलीची खिडकी पुरुषोत्तमला आज पहिल्यांदा आठवली. कॅमेरा तिच्याच वर बसवलेला होता, म्हणून चित्रात ती कधी आलीच नव्हती. इतके दिवस चार माणसं डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि मूल रोज त्यांच्या नजरेखालून मिनिटभर निसटून, एकटं जाऊन, आपलं आपण गप्प होऊन परत येत होतं. त्याला फार भीती वाटली. पण ही भीती नवीन होती. तिच्यात कोणाला फोन करायचा हे त्याला सुचेना.

प्रणिताने वाकून सुखदाच्या केसांवरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

सुखदाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, तू रडलास आज?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. तो प्रणिताकडे बघून म्हणाला, "थोडा."

"मग संपलं?"

"नाही गं अजून."

सुखदाने जरा विचार केला.

"मग तू पण खिडकीत जा," ती म्हणाली.